मोटारीचे तेल : निवड, पालट व दक्षता

(ज्ञातिमंडळाच्या विसरवाडी येथील वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विद्यार्थ्यांचा गौरव, वधूवरांची नोंद, शिष्यवृत्तीचा निधी अशा थोर विषयांच्या रांगेत मोटारीच्या तेलाचा विषय येऊन बसावा, हे कित्येकांस विजोड वाटेल. परंतु मंडपाबाहेर क्षणभर दृष्टी टाकावी. एके काळी अशा मेळाव्यास आलेली मंडळी खांडबारा किंवा नवापूर स्टेशनावर आगगाडीतून उतरत आणि तेथून मिळेल त्या वाहनाने येथवर पोहोचत. आज बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांच्या पाट्या वाचल्या, तर एम. एच. ३९ च्या शेजारी धुळ्याची एम. एच. १८ आहे आणि सुरतेकडील गुजरातच्या पाट्याही आहेत. आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांत गाडी प्रथमच आली आहे. ती बापाच्या आयुष्यभराच्या बचतीतून किंवा मुलाच्या नोकरीवर काढलेल्या कर्जातून आली आहे. घर आणि जमीन यांच्या खालोखाल एवढी मोठी रक्कम गुंतवलेली दुसरी वस्तू त्या घरात नाही. असे असूनही तिच्या पोटात काय घालावे, कधी घालावे आणि जुने काढून कोठे टाकावे, हे घरातील फार थोड्यांस ठाऊक असते. म्हणून हा विषय मंडळाच्या व्यासपीठावर मांडण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

शिवाय विसरवाडीसारखे या विषयास योग्य स्थळ दुसरे नाही. पूर्वी ६ क्रमांकाचा आणि आता ५३ क्रमांकाचा म्हणून ओळखला जाणारा सुरत-धुळे राष्ट्रीय महामार्ग या गावावरून जातो. येथून एक फाटा खांडबाऱ्यावरून नंदुरबारकडे वळतो. पूर्वेस निघालेल्या गाडीस थोड्याच वेळात कोंडाईबारीचा घाट चढावा लागतो. रात्रंदिवस मालमोटारी चालू असतात. उन्हाळ्यात खानदेशचे ऊन पारा चव्वेचाळीस अंशांवर नेते, रस्त्याच्या कामांची धूळ तोंडात येते, आणि पावसाळ्यात नवापूर तालुक्याचा पाऊसही दांडगा. ऊन, धूळ, चढ आणि ओझे ही इंजिनाच्या परीक्षेची चारही साधने या एका वाटेवर एकत्र नांदतात. लग्नाच्या मुहूर्तास निघालेली, आठ माणसे आणि आहेराची बोचकी भरलेली गाडी घाटात बंद पडली म्हणजे काय होते, ते येथे जमलेल्यांपैकी पुष्कळांस सांगण्याची गरज नाही.

आपले पूर्वज या बाबतीत आपणांहून अधिक जागरूक होते. बैलगाडीच्या खाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे. लांबच्या वाटेस निघण्यापूर्वी आसाला वंगण घातल्यावाचून गाडीवान बैल जुंपत नसे. चाक करकरू लागले तर तो गाडीवानाचा कमीपणा समजला जाई. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांची खांदेमळणी करतो, तीही कृतज्ञतेइतकीच व्यवहाराची गोष्ट आहे. ज्या खांद्यावर जू येते तो खांदा मऊ राहिला पाहिजे. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा मनुष्य त्याचे दात, खूर आणि चाल पाहिल्यावाचून पैसे मोजीत नाही. हीच दक्षता यंत्राच्या बाबतीत मात्र आपण गॅरेजवर सोपवून मोकळे होतो.

इंजिनातील तेल नेमके काय करते, ते प्रथम पाहू. पिस्टन वर-खाली होतो आणि त्याच्या बळावर क्रँकशाफ्ट फिरतो. समजा, येथून निघालेली गाडी दोन तास चालली आणि इंजिनाच्या फेऱ्या मिनिटास सरासरी २,००० पडल्या, तर तेवढ्या वेळात क्रँकशाफ्ट २,४०,००० वेळा फिरला. इतक्या फेऱ्यांत लोखंडाला लोखंड घासले असते, तर इंजिन काही मिनिटांतच जाम झाले असते. तसे होत नाही, कारण शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा एक पापुद्रा असतो. तो माणसाच्या केसाच्या जाडीहून कित्येक पटींनी पातळ असतो, आणि त्याच पापुद्र्यावर सारा शाफ्ट तरंगत फिरतो.

परंतु वंगण हे तेलाचे एकच काम झाले. पाणी जेथे पोहोचत नाही, त्या पिस्टनच्या तळाची उष्णता तेलच वाहून नेते. जळणातून निर्माण झालेली काजळी ते धुऊन काढते आणि खाली बसू न देता आपल्या अंगावर घेते. जळणातून उत्पन्न होणाऱ्या आम्लांचा दाह ते शमविते, सुट्या भागांना गंज चढू देत नाही आणि पिस्टनच्या रिंगांभोवतीची फट भरून दाब टिकविण्यास मदत करते. मूळ तेलाच्या अंगी हे सारे गुण नसतात. ते यावेत म्हणून त्यात निरनिराळी द्रव्ये मिसळलेली असतात, आणि ती वापराने खर्ची पडतात. तेल केवळ कमी झाल्यानेच नव्हे, तर थकल्यानेही निरुपयोगी होते. डब्यात मोजून भरलेले माप पट्टीवर पूर्ण दिसत असूनही तेल निकामी झालेले असू शकते, हा मुद्दा आपण मनात पक्का धरावा.

आता निवडीचा प्रश्न. दुकानात गेल्यावर डब्यावरील अंक व अक्षरे पाहून मनुष्य गोंधळतो आणि शेवटी दुकानदार देईल ते घेऊन येतो. वास्तविक ही लिपी कठीण नाही. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांची संस्था १९०५ साली निघाली. तिच्या नावाची आद्याक्षरे एस. ए. ई. ही होत. तेलाचा घट्टपणा अंकांनी सांगण्याची पद्धत तिने १९११ साली घालून दिली. त्या काळची तेले एकाच अंकाची असत. चाळीस क्रमांकाचे तेल उन्हाळ्यात बरे, पण थंडीत काकवीसारखे जड होई. तीस क्रमांकाचे थंडीत चाले, पण उन्हात फारच पातळ होई. म्हणून ऋतूप्रमाणे तेल पालटीत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट गाड्या बाहेर पडू लागल्या, त्या पिढीच्या चालकांना ही रीत चांगली ठाऊक होती. 'आपल्याकडे ऊन फार, म्हणून तेल जाडच हवे' हा जो समज अद्याप खानदेशात घट्ट आहे, त्याचे मूळ त्या काळात आहे. तो समज तेव्हा खोटा नव्हता; आज मात्र तो बहुतेक गाड्यांस लागू पडत नाही.

पुढे दोन अंकांची तेले आली. १५ डब्ल्यू-४० असे डब्यावर लिहिलेले असते. त्यातील डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याच्या इंग्रजी शब्दाचे आहे. पहिला अंक थंड इंजिन सुरू होताना तेल किती मोकळेपणाने वाहील ते सांगतो. दुसरा अंक इंजिन पुरते तापल्यावर, म्हणजे १०० अंश सेल्सिअसला, तेल किती घट्ट राहील ते सांगतो. पहिला अंक जितका लहान, तितके तेल सकाळी लवकर वर चढते. दुसरा जितका मोठा, तितके ते तापल्यावर घट्ट राहते. २० डब्ल्यू या अंकाची कसोटी शून्याखाली १५ अंशांवर आणि ५ डब्ल्यूची शून्याखाली ३० अंशांवर घेतात. इतकी थंडी आपल्याकडे पडत नाही, मग लहान पहिल्या अंकाचा आपणांस उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग असा की रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनातील तेल खाली उतरून बसलेले असते. सकाळी चावी फिरवल्यानंतरच्या पहिल्या क्षणांत ते वरपर्यंत पोहोचेतो सुटे भाग जवळजवळ कोरडेच फिरतात, आणि इंजिनाची झीज बरीचशी त्याच वेळी होते. लवकर वाहणारे तेल हा काळ कमी करते.

उन्हाविषयीही दोन शब्द. बाहेर चव्वेचाळीस अंश असोत की चौदा, तापलेल्या इंजिनातील पाण्याची उष्णता थर्मोस्टॅट एका मर्यादेत राखतो आणि तेल शंभर अंशांच्या आसपास राहून काम करते. बाहेरच्या उन्हाचा परिणाम मुळीच होत नाही असे नव्हे. ओझे भरून घाट चढताना तेल अधिक तापते. परंतु गाडी बांधणाऱ्याने पुस्तिकेत तेलाचा अंक लिहिताना या गोष्टींचा हिशेब घेतलेला असतो. काही नव्या लहान पेट्रोल गाड्यांस ० डब्ल्यू-१६ किंवा ० डब्ल्यू-२० इतके पातळ तेल सांगितलेले आढळते. त्यांच्या बेअरिंगच्या फटी आणि तेलाच्या वाटा त्या मापाच्या केलेल्या असतात. झडपांच्या उघडझापीची वेळ बदलणारी यंत्रणा तेलाच्या दाबावर चालते. अशा इंजिनात जाड तेल घातले, तर सकाळी ते वेळेवर वर चढत नाही आणि जळणही अधिक लागते. उलट जुन्या, झिजलेल्या इंजिनात फार पातळ तेल घातले, तर दाब उतरतो आणि धुराड्यातून निळा धूर निघू लागतो. म्हणून प्रत्येक गाडीचा अंक तिच्या पुस्तिकेतून घ्यावा, शेजाऱ्याच्या गाडीवरून घेऊ नये. पुस्तिकेत दोन-तीन अंक दिले असतील, तर घाट, ओझे आणि ऊन यांचा विचार करून त्यांतला अधिक घट्ट निवडण्यास हरकत नाही. पुस्तिकेबाहेर मात्र जाऊ नये.

अंकानंतर अक्षरे. अमेरिकन पेट्रोलियम संस्थेच्या पद्धतीप्रमाणे एस या अक्षराने सुरू होणारी जात पेट्रोल इंजिनाची आणि सी या अक्षराने सुरू होणारी डिझेलची. दुसरे अक्षर पुढचे, तर तेल नव्या कसोटीचे. एस. एन. ही जात २०१० साली, एस. पी. २०२० साली आणि एस. क्यू. २०२५ साली आली. पेट्रोल गाडीस जुनी जात सांगितली असल्यास नवी चालते, परंतु नवी सांगितली असता जुनी चालत नाही. स्वस्तात मिळणारा जुन्या अक्षराचा डबा आजच्या टर्बो बसविलेल्या पेट्रोल गाडीस घातकच ठरावयाचा.

डिझेल गाडीच्या मालकांनी अधिक सावध असावे. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी असते. अडलेली काजळी ती अधूनमधून स्वतःच जाळून टाकते. परंतु तेलातील धातूंच्या द्रव्यांची राख जळत नाही, ती साचून राहते. म्हणून या गाड्यांस कमी राखेचे तेल लागते आणि तसे पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले असते. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या मोठ्या डब्यातील तेल उरले म्हणून घरच्या नव्या डिझेल गाडीत ओतणे ही काटकसर नव्हे. तीच गोष्ट दुचाकीची. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. मोटारीच्या तेलातील घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे तो घसरू लागतो. म्हणून दुचाकीचे तेल दुचाकीस आणि मोटारीचे मोटारीस.

खनिज, अर्धे कृत्रिम आणि पूर्ण कृत्रिम असे तेलाचे तीन प्रकार दुकानात सांगितले जातात. कृत्रिम तेल उष्णतेत अधिक टिकते आणि थंडीत अधिक मोकळे वाहते, हे खरे. पुस्तिकेत तेच सांगितले असल्यास पैशाकडे न पाहता तेच घालावे. साध्या बांधणीच्या जुन्या गाडीस मात्र योग्य अंकाचे आणि योग्य अक्षराचे चांगले खनिज तेल वेळच्या वेळी पालटले, तर ते पुरते. महाग तेल घालून ते दुप्पट काळ चालविण्यापेक्षा हा मार्ग शहाणपणाचा.

डबा कोणाचा घ्यावा, हे आम्ही सांगणार नाही. सरकारी व खाजगी अनेक कंपन्यांची तेले चांगली आहेत. मुंबईतील हिंदुस्थान पेट्रोलियमच्या रिफायनरीत तर वंगणाचे मूळ तेल तयार होते. खरे भय बनावट मालाचे आहे. रिकामे डबे गोळा करून त्यांत गाळलेले जुने तेल भरून विकण्याचा धंदा नवा नाही. म्हणून पंपावरून किंवा माहितीच्या दुकानातूनच घ्यावे, झाकणाची मोहोर पाहावी, तयार केल्याची तारीख वाचावी आणि पावती घ्यावी. गाडीची हमी अद्याप चालू असेल, तर ती पावती सोन्याच्या पावतीसारखी जपावी. रिकामा झालेला डबा टाकण्यापूर्वी त्यास भोक पाडावे. एवढे केल्याने आपला डबा दुसऱ्याच्या फसवणुकीस कारण होणार नाही.

आता पालटण्याची वेळ. आजच्या बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकांत १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, अशी मुदत आढळते. 'यांपैकी जे आधी' हे शब्द आपण वाचीत नाही. जी गाडी घरापासून दुकानापर्यंत आणि दुकानापासून घरापर्यंतच जाते, तिचे वर्षाचे तीन-चार हजारच किलोमीटर होतात, आणि मालक समजतो की तेल अद्याप कोवळे आहे. वस्तुस्थिती उलट आहे. थोड्या अंतरात इंजिन पुरते तापत नाही. जळणातून आलेले पाणी आणि न जळालेले पेट्रोल तेलात तसेच राहते आणि ते तेलास आंबविते. धुळीची वाट, सतत ओझे, सतत घाट आणि तोकडे फेरे यांस पुस्तिका कठोर वापर म्हणते आणि अशा वापरासाठी मुदत बरीच कमी सांगते. आपल्या भागातील बहुसंख्य गाड्या कठोर वापरात मोडतात, असे आमचे मत आहे.

मुदत लक्षात राहावी म्हणून एक सोपा संकेत सुचवितो. दसऱ्यास आपण गाडीस झेंडूची माळ घालतो, पाढव्यास पुन्हा पूजा करतो. दसरा आणि पाडवा यांत सुमारे सहा महिन्यांचे अंतर आहे. त्या दोन दिवसांच्या आधीच्या आठवड्यात वही काढून पाहावे की तेलाचा पालट केव्हा झाला आणि पुढचा केव्हा येतो. कठोर वापराच्या गाडीस सहामाही पालट करावा, सौम्य वापराच्या गाडीस वार्षिक.

रंगावरून तेलाची परीक्षा करण्याची सवय सोडावी. डिझेल गाडीचे तेल पालटल्यावर थोड्याच दिवसांत काळे होते. ते काजळी अंगावर घेत असल्याची ती खूण आहे, बिघाडाची नव्हे. उलट सी. एन. जी. वर चालणाऱ्या गाडीचे तेल कित्येक महिने स्वच्छ दिसते, परंतु आत ते उष्णतेने थकलेले असते. काळे म्हणून वाईट आणि पिवळे म्हणून चांगले, हा न्याय येथे चालत नाही.

पालटण्याची रीतही घरातील एकास तरी ठाऊक असावी. स्वतः करावयाचे नसले, तरी समोर उभे राहून पाहता आले पाहिजे. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा आणि चाकांस उटी लावावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही शिरू नये, ही गोष्ट मुलांस बजावून सांगावी. इंजिन थोडे कोमट असताना तेल मोकळे वाहते आणि गाळ घेऊन बाहेर पडते. मात्र कढत तेलाने हात भाजतो. चेंबरचा नट सोडून तेल शेवटच्या थेंबापर्यंत निथळू द्यावे. नटाचा वायसर नवा घालावा आणि पाना मर्यादेत आवळावा, कारण जोर करून आटे गेले म्हणजे चेंबरच पालटण्याची पाळी येते. तेलाबरोबर फिल्टर पालटलाच पाहिजे. फिल्टर तुंबला की त्यातील आडवाट उघडते आणि न गाळलेले तेल थेट बेअरिंगांत जाते. जुन्या फिल्टरचे रबर इंजिनास चिकटून राहिले नाही ना, हे पाहावे. नव्याच्या रबरास तेलाचे बोट लावून तो हातानेच आवळावा.

नवे तेल सांगितलेल्या मापाहून थोडे कमीच ओतावे. मग इंजिन मिनिटभर चालू करावे, बंद करून थोडा वेळ थांबावे आणि पट्टी पुसून पाहावी. तेल पट्टीवरील दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ असावे. 'चार थेंब जास्त घातले तर काय बिघडले' असे म्हणणारे मिस्त्री आहेत. बिघडते ते असे की अधिक भरलेल्या तेलात क्रँकशाफ्ट बुडतो आणि ताक घुसळल्याप्रमाणे त्यास फेस आणतो. फेसात वंगणाचा पापुद्रा टिकत नाही.

ही पट्टी दर पंधरवड्यास, आणि लांबच्या प्रवासापूर्वी न चुकता पाहावी. तेल खालच्या खुणेजवळ असताना सपाट रस्त्यावर काही जाणवत नाही. कोंडाईबारीच्या चढावर आणि वळणावर मात्र ते चेंबरच्या एका कडेस जाते, पंपाचे तोंड उघडे पडते आणि समोरचा लाल दिवा लुकलुकतो. त्या दिव्यावर तेलाच्या झारीचे चित्र असते. तो लाल दिवा तेल पालटण्याची मुदत आल्याचे सांगत नाही, तर दाब नाहीसा झाल्याचे सांगतो. तो दिसताच गाडी सुरक्षित कडेस घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे. 'घाट उतरून पुढच्या पंपावर पाहू' असे म्हणणाऱ्याचे इंजिन पुढच्या पंपापर्यंत पोहोचत नाही. तेल आणि फिल्टर यांचा खर्च काही हजारांत भागतो. इंजिन बांधण्याचा खर्च लहान गाडीसही त्याच्या कित्येक पट होतो आणि गाडी आठवडेच्या आठवडे गॅरेजमध्ये पडून राहते. ज्या तरुणाचे पोट भाड्याच्या गाडीवर आहे, त्याचा त्या आठवड्यांतील हप्ता कोण भरणार?

आणखी एक चिन्ह ध्यानात ठेवावे. नव्या डिझेल गाडीत पट्टीवरील तेल कमी न होता वाढलेले दिसले, तर समाधान मानू नये. तोकड्या फेऱ्यांत काजळी जाळण्याची क्रिया अर्धवट राहिली, म्हणजे डिझेल तेलात उतरते आणि तेल पातळ होते. अशा वेळी ते लगेच पालटावे. टर्बोच्या गाडीने घाट चढून आल्यावर इंजिन एकदम बंद करू नये. मिनिटभर संथ चालू ठेवावे, म्हणजे तापलेल्या टर्बोतील तेल जागच्या जागी करपत नाही.

ज्ञातिबंधूंनो, आतापर्यंत आपल्या घराच्या हिताचे बोललो. आता गावाच्या हिताचे बोलतो. काढलेले जळके तेल जाते कोठे? कोणी गटारात ओततो, कोणी उकिरड्यावर, तर कोणी वाळवी लागू नये म्हणून लाकडास फासतो. एका पालटातील तेल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे अडतीस लाख लिटर गोड्या पाण्यास बिघडवू शकते, असे अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचे सांगणे आहे. येथील पाऊस दांडगा असल्याचे आम्ही आरंभीच म्हटले. मृगात गटारात ओतलेले तेल श्रावणापर्यंत नाल्यांतून, शेतांतून आणि विहिरींतून पोहोचलेले असते. त्या विहिरीचे पाणी पिणारा ज्ञातीचा आहे की नाही, हे तेल विचारीत नाही. आपण महामार्गावर राहून व्यापार करतो, आणि वाड्यापाड्यांवरचे शेतकरी आपल्या दुकानांचे आधार आहेत. त्यांच्या पाण्यात आपल्या गाड्यांची घाण जाऊ देणे ही कृतघ्नता होय.

कायद्यानेही ही गोष्ट मोकळी ठेवलेली नाही. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. ते परत गोळा करून शुद्ध करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारी तरतूद १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली आहे. हे तेल शुद्ध करून पुन्हा मूळ तेल बनविता येते, कारण वापराने तेलातील द्रव्ये संपतात, मूळ तेल नाहीसे होत नाही. म्हणजे जे आपण गटारात ओततो, ती देशाची संपत्ती आहे, आणि कच्च्या तेलाच्या बहुतांश गरजेसाठी आपण परदेशांवर अवलंबून आहोत.

यास्तव मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवितो. पहिली, प्रत्येक घराने गाडीची एक वही ठेवावी. आपल्या आजोबांनी रोजकीर्द आणि खतावणी यांत एक पैही चुकू दिली नाही. त्याच शिस्तीने तारीख, किलोमीटर, तेलाचा अंक, अक्षर आणि फिल्टर यांची नोंद व्हावी. जुनी गाडी विकताना ही वही चार पैसे अधिक मिळवून देईल. दुसरी, मंडळाने पुढील मेळाव्यात एखाद्या जाणत्या मिस्त्रीकडून पट्टी पाहण्याचे आणि तेल पालटण्याचे प्रात्यक्षिक ठेवावे, आणि त्यात मुलींस व सुनांस आवर्जून पुढे बसवावे. आज मुलांना शाळेत सोडण्यास आणि रुग्णास नंदुरबारच्या दवाखान्यात नेण्यास गाडी पुष्कळदा त्याच चालवितात. लाल दिव्याचा अर्थ मालकाइतकाच चालविणारीस कळला पाहिजे. तिसरी, मंडळाने झाकणाचे एक पिंप घ्यावे. ज्यांच्या गाडीचे तेल घरी पालटले जाते, त्यांनी ते त्यात आणून ओतावे, आणि पिंप भरले म्हणजे ते नोंदणीकृत शुद्धीकरण करणाऱ्यास पावतीसह द्यावे. त्यातून चार रुपये मिळाले, तर ते शिष्यवृत्तीनिधीत जमा व्हावेत.

विजेवर चालणाऱ्या गाड्या आता रस्त्यावर दिसू लागल्या आहेत आणि त्यांस इंजिनच नसल्यामुळे हे तेलही लागत नाही. पुढच्या पिढीस कदाचित या व्याख्यानाचे प्रयोजन उरणार नाही. परंतु आज ज्या घराच्या अंगणात पेट्रोलची, डिझेलची किंवा गॅसची गाडी कर्जावर उभी आहे, त्या घरास ती पुढील दहा-पंधरा वर्षे चालवावयाची आहे. तिचे हप्ते फिटेपर्यंत तरी तिचे इंजिन धड राहिले पाहिजे, एवढा साधा हिशेब प्रत्येकाने मांडावा.

 आज रात्री परतीच्या वाटेस लागण्यापूर्वी प्रत्येकाने बॉनेट उघडून एकदा पट्टी पाहावी, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.